काळी, कडू आणि तरीही औषध नव्हे

नामपूर किंवा मोसम खोऱ्यातल्या कोणत्याही दवाखान्यात आठवडाभर बसा, एक प्रश्न कानावर आल्याशिवाय राहत नाही : ‘डॉक्टर, मुतखड्यावर बिअर घेतली तर चालेल ना?’ विचारणाऱ्याने ती बहुधा आधीच घेतलेली असते, त्याला फक्त डॉक्टरांचा शिक्का हवा असतो. अलीकडे या प्रश्नाला नवे शेपूट फुटले आहे. इथल्या कांदा-डाळिंबवाल्यांची पुण्यात नोकरी करणारी मुले दिवाळीला घरी येतात, तेव्हा त्यांच्या फोनमध्ये काळ्याभोर बिअरच्या ग्लासाचे फोटो असतात. ही कारखान्यातली नाही, जागेवर बनवलेली आहे. हिच्यात सातू, पाणी, हॉप्स आणि यीस्ट एवढेच असते. केमिकल अजिबात नाही. काळी आहे म्हणजे पौष्टिक, कडू आहे म्हणजे गुणकारी. घरातले मुतखडेवाले काका हे सगळे कान देऊन ऐकत असतात.

या गप्पांमधला अर्धा भाग मला मनापासून आवडतो. काळी, हॉप्सने भरलेली, दोन शैलींची मिसळ असलेली ही बिअर चाखणे हा चवीच्या विज्ञानाचा उत्तम धडा आहे. उरलेला अर्धा भाग मात्र धोक्याचा आहे. रंग, कडवटपणा, वास, फेस, ‘हाताने बनवलेली’ असण्याचा अभिमान, यांतली एकही गोष्ट ग्लासात अल्कोहोल किती आहे हे सांगत नाही आणि शरीर हिशेब ठेवते तो फक्त अल्कोहोलचा. जिभेचा हिशेब आणि यकृताचा हिशेब ही दोन वेगळी खाती आहेत. ती एकत्र केली की काकांचा मुतखडा आणि पुतण्याची हौस यांची सरमिसळ होते.

आधी या बिअरच्या विचित्र नावाविषयी. तिला ‘ब्लॅक आयपीए’ म्हणतात. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल आणि पेल म्हणजे फिकट. म्हणजे नाव झाले ‘काळी फिकट बिअर’! अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशी बिअर बनली, असे सांगितले जाते. पुढे त्याच देशाच्या वायव्य भागातल्या लोकांनी ‘ही आमची’ म्हणत तिला वेगळे नाव दिले. भांडण अजून मिटलेले नाही आणि मिटायची कोणाला घाईही दिसत नाही.

नावातला ‘इंडिया’ मात्र आपल्या जिल्ह्याच्या बराच जवळून जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे जहाजांतून जी बिअर यायची, तिच्यात हॉप्स जास्त घातलेले असत, कारण हॉप्समधली कडू द्रव्ये बिअर आंबवणाऱ्या काही जिवाणूंना वाढू देत नाहीत. फिकट रंगाची पेल एल साहेब लोकांच्या टेबलावर जाई. साध्या गोऱ्या शिपायांसाठी येई ती पोर्टर, म्हणजे काळी बिअर. भारतासाठीच्या पोर्टरमध्येही हॉप्स भरपूर घातलेले असत. त्यामुळे काळी आणि कडू बिअर हा अमेरिकेचा शोध म्हणायचा, तर तिची पूर्वज दीडशे वर्षांपूर्वीच मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली होती. साहेबाची बिअर आणि शिपायाची बिअर एका ग्लासात ओतली की ब्लॅक आयपीए होते, असे म्हटले तरी फार चुकणार नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीला १८६१ पासून ब्रिटिश फौजेची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई इथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, ऊन, हिवताप आणि दारू. त्यातून डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रुळला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या, महाराष्ट्रातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरीचे नावही ‘डूलाली’ असेच आहे. नाशिककरांनी हे नाव वाचून हसावे आणि त्या शिपायांच्या हालांची आठवणही ठेवावी.

आता चव. ही बिअर बनवणाऱ्यापुढची खरी अडचण आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात कळेल. बागलाण-खान्देशातल्या काळ्या मसाल्यासाठी कांदा आणि सुके खोबरे भाजतात. खोबरे नीट भाजले तर रस्सा खमंग आणि काळसर होतो. जरा जास्त वेळ राहिले तर ते करपते आणि सगळे पातेले कडू करते. बिअरमध्येही तेच. सातूला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. त्यातला थोडा भाग २०० अंशांच्या वर काळा होईपर्यंत भाजतात. भाजताना साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात जी अभिक्रिया होते, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले. भाकरीचे पापुद्रे, कॉफी, भाजलेले शेंगदाणे या सगळ्यांचा रंग आणि वास तिच्यातूनच येतो. शंभर किलो धान्यात असे काळे माल्ट चार-पाच किलो असले, तरी सगळी बिअर काळी दिसते.

पण काळ्या माल्टला स्वतःचा करपट कडवटपणा असतो आणि हॉप्सला त्यांचा वेगळा. हे दोन कडू एकमेकांशी पटवून घेत नाहीत. दोन्ही जोरात आले, तर करपलेल्या खोबऱ्यात कारल्याचा रस पिळल्यासारखे होते. म्हणून चांगले ब्रुअर टरफल काढलेले माल्ट भाजतात, कारण करपट कडूपणा बराचसा टरफलातून येतो. किंवा काळे माल्ट अगदी शेवटी, अगर थंड पाण्यात भिजवून घालतात. रंग घ्यायचा, करपटपणा सोडून द्यायचा. त्यामुळे चांगल्या ब्लॅक आयपीएची परीक्षा एकच : डोळे मिटून प्यायल्यावर ती मुख्यतः हॉप्सची बिअर वाटली पाहिजे आणि मागे कोको किंवा भाजलेल्या पोळीची हलकी सावली राहिली पाहिजे. डोळे मिटूनही ती जळक्या कॉफीसारखीच लागली, तर ती स्टाउट आहे. पाटीवर काहीही लिहिलेले असो. माझ्या मते आपल्याकडच्या मोठ्या शहरांत या नावाने जे मिळते, त्यातले बरेचसे या परीक्षेत नापास होईल. करपटपणालाच ‘दमदार चव’ म्हणण्याची सवय लागली आहे.

डोळे मिटायला सांगतो त्याला कारण आहे. २००१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला आणि ती वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकांची ही गत! आपले डोळे नाकाच्या आधी निकाल देऊन मोकळे होतात. काळा ग्लास समोर आला की मेंदू ‘जड, कडक, पौष्टिक’ असा अर्ज आधीच भरून ठेवतो.

कडू चवीविषयी एक जुना गैरसमज शाळेच्या पुस्तकांनी पसरवला आहे : जिभेचा नकाशा. टोकाला गोड, मागे कडू वगैरे. १९०१च्या एका जर्मन प्रबंधाचा चुकीचा अर्थ लावून तो नकाशा तयार झाला. प्रत्यक्षात जिभेवर जिथे रुचिकलिका आहेत तिथे सर्व चवी कळतात. कडूसाठी माणसाकडे सुमारे २५ प्रकारचे ग्राही रेणू आहेत, तर गोडासाठी मुख्यतः एकच. निसर्गाने इतका बंदोबस्त केला, कारण वनस्पतींमधली बरीच विषे कडू असतात. बाळ कडू थुंकते ते याच पहाऱ्यामुळे. गुढीपाडव्याला कडुलिंब, नंतर मेथी, कारले असे करत आपण त्या पहारेकऱ्याला ओळख दाखवत मोठे होतो. हॉप्समधली आम्ले पाण्यात उकळली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि आपल्या त्या २५ पैकी तीन ग्राही जागे करतात. काही कडू पदार्थ एखाद्याला असह्य आणि दुसऱ्याला जेमतेम जाणवणारे असतात, यात जनुकांचाही वाटा आहे. ‘कडू झेपत नाही, कच्चा आहेस’ म्हणून मित्राला चिडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कडूला तोलून धरतो माल्टचा गोडवा. कारल्याच्या भाजीत गूळ आणि चिंच घालणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि वास? चव म्हणून आपण जे सांगतो, त्यातले पुष्कळसे नाकाचे काम असते. नाक घट्ट दाबून धने चावा, मग नाक सोडा. धन्याची ‘चव’ त्या क्षणी येते. धन्यातले लिनालूल हे सुगंधी द्रव्य हॉप्सच्या फुलातही असते. काही हॉप्समध्ये गंधकयुक्त अशी द्रव्ये असतात की लिटरमागे ग्रॅमच्या अब्जांश मात्रेतही नाकाला कळावीत. त्यांतली काही पेरूत असतात आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्येही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हे द्राक्ष १९९०च्या दशकापासून लावले जात आहे, त्यामुळे दिंडोरी भागातल्या वाइनमधला आणि पुण्याच्या काळ्या बिअरमधला तो पिकल्या पेरूसारखा वास एकाच घरातला असू शकतो. हॉप्सची वेल मात्र आपल्या हवेतली नव्हे. तिला थंड प्रदेश आणि उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो. भारतात ती हिमाचलच्या लाहौलसारख्या भागात होते.

हे सगळे कळायला किती बिअर लागते? दोन-तीन घोट. पहिला घोट जिभेला जागे करतो, दुसऱ्यात वास आणि गोडवा कळतो, तिसऱ्यात कडूपणा किती वेळ रेंगाळतो ते. त्यानंतर जीभ थकते. ज्याला खरोखर चव घ्यायची आहे त्याला १०० मिलीचा छोटा ग्लास पुरतो. मायक्रोब्रुअऱ्यांत असे छोटे ग्लास मिळतात, ही या व्यवसायातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट. तिसऱ्या मोठ्या ग्लासानंतर कोणी ‘हिच्यात कोकोची छटा आहे’ म्हणाला, तर त्याच्या हातातली गाडीची किल्ली काढून घ्यावी.

इथून दुसरे खाते सुरू होते. ब्लॅक आयपीएत अल्कोहोल साधारण साडेपाच ते नऊ टक्के असते. ग्रॅम काढायची रीत सोपी आहे : मिलीलिटर गुणिले टक्के, भागिले १००, मग गुणिले ०.८. साडेसहा टक्क्यांच्या ३३० मिली ग्लासात सुमारे १७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. प्रसिद्ध आयरिश काळी स्टाउट ४.२ टक्क्यांची असते, तीही ५०० मिली प्यायली तर तितकेच भरते; म्हणजे काळा रंग म्हणजे कडक, हेही खोटे. आता आपल्याकडच्या दुकानातली सोनेरी रंगाची ‘स्ट्राँग’ घ्या. ८ टक्के, ६५० मिलीची मोठी बाटली : सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये १० ग्रॅम असते. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो’ म्हणणारा माणूस एका बाटलीत चार पेग पिऊन उठलेला असतो. निरोगी यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हटवते. उरलेले रक्तात फिरत राहते. आपल्या कायद्यात वाहन चालवताना मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. त्या एका बाटलीनंतर सटाणा रस्त्याला मोटारसायकल काढणारा माणूस ती सहज ओलांडून बसलेला असतो.

‘नैसर्गिक आहे’ या दाव्याला उत्तर एकच : अल्कोहोलही नैसर्गिकच आहे आणि तंबाखूही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले ते १९८८ मध्ये. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, एवढ्या जागी धोका वाढतो. शरीरात अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. मूळ पेय सातूचे होते की उसाच्या मळीचे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तंबाखू किंवा गुटख्याची जोड असेल, तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याहून जास्त वाढतो. आपल्या भागात ही जोडी किती घट्ट आहे हे सांगायला आकडेवारी नको. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की अल्कोहोलची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. जो पीत नाही त्याने चवीच्या विज्ञानासाठी सुरुवात करावी असे म्हणूनच मी म्हणणार नाही. कारले, कॉफी आणि धने त्याला तेच धडे देतील.

हॉप्समध्ये झँथोह्युमॉल नावाचे द्रव्य असते आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याचे चांगले परिणाम दिसले आहेत, ही बातमी मोबाइलवर फिरते. बातमी खरी आहे. पण बिअर उकळताना त्याचे रूप बदलते आणि साध्या बिअरच्या लिटरभरात ते एक मिलिग्रॅमही उरत नाही. काळ्या बिअरमधल्या लोहाचीही तीच कथा. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये स्टाउटची आरोग्यदायी म्हणून जाहिरात झाली, बाळंतिणींना आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनाही ती दिली गेली. पण तिच्या मोठ्या ग्लासात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. १०० ग्रॅम बाजरीत ते सुमारे ६ मिलिग्रॅम असते. आपल्या बाळंतिणीला बाजरीची भाकरी मिळते ती उगाच नव्हे. आणि आईने घेतलेले अल्कोहोल दुधात उतरते.

आता काकांचा मुतखडा. प्रामाणिकपणे सांगायचे तर बिअर पिणाऱ्यांना मुतखडा कमी होतो असे काही पाहणी-अभ्यास आहेत. फिनलंडमधला १९९९चा अभ्यास त्यांतला एक. पण त्या पाहणीत खडा होण्याचा धोका मोजला होता, झालेला खडा विरघळतो असे त्यात कुठेही नाही. बिअरने लघवी वाढते, त्यात निम्म्याहून अधिक किमया पाण्याचीच, आणि अल्कोहोल शरीरातले पाणी जास्त बाहेर काढते ते वेगळेच. आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात; ते बिअरमध्ये बुडवून ठेवले तरी विरघळणार नाहीत. मग ‘मला गुण आला’ म्हणणारे शंभर जण कसे भेटतात? पाच मिलिमीटरपेक्षा लहान खड्यांपैकी बहुतेक आपोआप पडून जातात. ज्या आठवड्यात खडा पडला त्या आठवड्यात जे प्यायले, त्याला श्रेय मिळते. शेजारच्या गावात तेच श्रेय एखाद्या झाडपाल्याला मिळालेले असते.

उलट बाजूही आहे. बिअरमध्ये प्युरीन असते, त्याने युरिक आम्ल वाढते. ४७ हजारांहून अधिक पुरुषांना १२ वर्षे तपासत राहिलेल्या, २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात संधिवाताच्या गाउट या प्रकाराचा धोका सर्वांत जास्त वाढवणारे पेय बिअर निघाले. युरिक आम्लाचेही खडे होतात. त्यांना विरघळवण्याची औषधे आहेत, ती तपासणी करून डॉक्टर देतात आणि ती बारमध्ये मिळत नाहीत.

माझी मागणी फार मोठी नाही. ऑस्ट्रेलियात बाटलीवर प्रमाणित पेये किती, हे १९९०च्या दशकापासून छापावे लागते. आपल्याकडे टक्के छापलेले असतात, पण टक्क्यांवरून ग्रॅम काढत बसणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. बाटलीवर आणि मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर, बिअरच्या नावाशेजारी, त्या ग्लासात किती ग्रॅम अल्कोहोल आहे ते मराठीत आणि ठळक लिहा. ‘हाताने बनवलेली’ हे जिथे कौतुकाने लिहिता येते, तिथे ‘१७ ग्रॅम’ लिहायलाही जागा असते.

आणि मुतखडेवाल्यांसाठी : दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी पोटात गेले पाहिजे. डाळिंबाच्या बागेत किंवा कांद्याच्या चाळीत उन्हाळ्यात राबणाऱ्याला त्यासाठी तीन लिटरही कमी पडतात. लघवी फिकट राहिली तर पाणी पुरते आहे असे समजा. मीठ आणि लोणचे-पापड कमी करा, ताकात लिंबू पिळा, दूध बंद करू नका. कळ येऊन थंडीताप भरला, लघवी अडली, किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी मालेगाव किंवा नाशिकला जाऊन सोनोग्राफी करा. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला, तर मूत्रपिंड वाचवायला हातात तास असतात, दिवस नव्हे.